जव्हार-मोखाड्याच्या वाटेवर जोड्यांची परीक्षा

मनुष्यानें पायांत काय घालावें, हा प्रश्न आमच्या पिढीला फारसा पडला नाहीं. शाळेंत जातांना अनवाणी, लग्नमुंजीस जातांना वडील भावाचा जोडा, आणि नोकरी लागल्यावर स्वतःचे बूट, असा क्रम ठरलेला असे. आजच्या घरांतून मात्र हा प्रश्न शास्त्रार्थाचें रूप घेऊन आला आहे. नातवंडें पहाटे धांवावयास जातात, आणि त्यासाठीं कोणता जोडा घ्यावा ह्यावर चहाच्या वेळीं दोन पक्ष पडतात. एक पक्ष जाड, मऊ, गादीसारख्या तळाच्या जोड्याचा. दुसरा अगदीं हलक्या, पातळ तळाच्या, पायाला जाणवूंही नये अशा जोड्याचा. ह्या दुसऱ्या प्रकारास ‘बेअरफूट शू’, म्हणजे ‘अनवाणी जोडा’, असें नांव बाजारांत रूढ झालें आहे. नांवांतच वदतोव्याघात आहे, हें संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस सांगावयास नको. किंमत ऐकिली म्हणजे आश्चर्य अधिकच वाटतें. कारण जोड्यांत वस्तु जितकी कमी, तितके पैसे अधिक, असा हा व्यवहार आहे.

आमच्या घरीं ह्या वादास तोंड फोडलें तें नातवानें. तो नाशिकास कॉलेजांत शिकतो व लांब पल्ल्याच्या शर्यतींत भाग घेतो. त्यानें असे दोन जोड घेतले. त्याच्या आईचें म्हणणें, हे कापडी पायमोजे रस्त्यावर महिनाभरही टिकावयाचे नाहींत. त्याच्या काकांचें म्हणणें, सारें जग जाड तळाकडे चाललें असतां हाच एकटा उलटा कां चालला? निकाल माझ्याकडे मागण्यांत आला. जोड्याची परीक्षा दुकानांतील गालिच्यावर होत नाहीं, ती वाटेवरच होते, असें माझें मत पडलें. म्हणून पालघर जिल्ह्यांतील जव्हार व मोखाडा ह्या डोंगरी तालुक्यांत आम्हीं दोन फेऱ्या केल्या. पहिली श्रावणांत, दुसरी फाल्गुनांत. त्यानें धांवावें, मीं चालावें, आणि संध्याकाळीं दोघांनीं आपापलें टिपण वाचून दाखवावें, असा नेम होता. तोच प्रदेश निवडण्याचें कारण इतकेंच कीं, चिखल, कातळ, मुरूम आणि डांबर अशी चारही प्रकारची जमीन तेथें एका दिवसाच्या चालण्यांत भेटते. आणि अनवाणी चालणारा मनुष्यही तेथें अजून वाटेवाटेवर भेटतो.

परीक्षेस निघण्यापूर्वीं कसोटी ठरविली पाहिजे. सुदैवानें ती आयती मिळाली. २०१५ सालीं निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञांनीं एकत्र विचार करून अशा जोड्यांची व्याख्या ठरविली व त्यांस गुण देण्याची एक पद्धति सुचविली. तींत पांच विषय आहेत: वजन, तळाची जाडी, टांच व चवडा ह्यांच्या उंचींतील अंतर, लवचिकपणा, आणि पाय आंत-बाहेर कलूं नये म्हणून जोड्यांत घातलेल्या आधारांचा अभाव. प्रत्येक विषयास शून्यापासून पांचपर्यंत गुण द्यावयाचे व बेरीज शेकड्यांत मांडावयाची. गुण जितके अधिक, तितका जोडा अनवाणीपणाच्या जवळ. मास्तराला ह्याहून सोयीचें काय असणार? स्वयंपाकघरांतील काट्यावर आम्हीं एकेक जोडा तोलला. नातवाचा नेहमींचा बूट एका पायाचा ३१० ग्रॅम भरला. पहिला हलका जोडा २१० ग्रॅम. दुसरा अवघा १६० ग्रॅम. नेहमींच्या बुटांत टांच चवड्यापेक्षां दहा मिलिमीटर उंच, पहिल्या हलक्या जोड्यांत चार, आणि दुसऱ्यांत टांच व चवडा एकाच पातळीवर. ह्या दुसऱ्याची गुंडाळी करून ती सदऱ्याच्या खिशांत घालतां आली, तेव्हां लवचिकपणाचे पुरे गुण त्याला द्यावे लागले.

वजनाला एवढें महत्त्व कां, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. पाय हा लंबकाप्रमाणें हलतो, आणि लंबकाच्या टोंकाशीं बांधलेला भार प्रत्येक पावलागणिक उचलून पुढें फेंकावा लागतो. प्रयोगांवरून असें दिसून आलें आहे कीं, प्रत्येक पायांतील जोड्याचें वजन १०० ग्रॅमनें वाढलें तर धांवण्यास लागणारी शक्ति सुमारें एक टक्क्यानें वाढते. एक टक्का बसून ऐकणाऱ्यास क्षुल्लक वाटतो. हजारों पावलें टाकणाऱ्यास तो शेवटच्या कोसांत जाणवतो. तथापि ह्यावरून ‘मग अनवाणी पायच सर्वांत काटकसरी’ असें अनुमान काढूं नये. २०१२ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका प्रयोगांत, अनवाणी धांवणाऱ्यास हलक्या जोड्यापेक्षां कमी शक्ति लागते, असें आढळलें नाहीं. तळाशीं थोडी मऊ गादी असली म्हणजे धक्का झेलण्याचें स्नायूंचें काम तितकें कमी होतें, असें त्याचें कारण देण्यांत येतें. म्हणजे वजन कमी करीत जाण्यालाही एक मर्यादा आहे.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागें टाकून एस. टी. पश्चिमेकडे वळली म्हणजे तोरंगणचा घाट लागतो, आणि सह्याद्रीच्या माथ्यावरून आपण मोखाड्याकडे उतरूं लागतों. श्रावणांत ह्या उतरणीवर धुकें एवढें दाट असतें कीं, वळणावरची गाडी भोंग्यावरूनच ओळखावी. मोखाडा हें तालुक्याचें गांव लहानसें. पण खोडाळा, सूर्यमाळ हा त्याच्या भोंवतालचा मुलूख उंच, मोकळा व थंड हवेचा आहे. उतारांवर नागली व वरई, सखल भागांत भाताचीं खाचरें, आणि मधून मधून पाडे विखुरलेले. ह्याच तालुक्यांतील मध्य वैतरणा धरणाचें पाणी मुंबईस जातें, आणि उन्हाळा लागला म्हणजे येथील पाड्यांवरच्या बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठीं डोंगर चढावे-उतरावे लागतात. पाय ह्या प्रदेशांत काय काम करतात, हें समजण्यास एवढी एक गोष्ट पुरे.

जव्हार त्यापुढें पश्चिमेस, समुद्रसपाटीपासून सुमारें दीड हजार फूट उंचीच्या पठारावर वसलें आहे. मुकणे घराण्याचें हें महादेव कोळ्यांचें संस्थान. जयाबा मुकणे हा मूळ पुरुष. १३४३ सालीं त्याच्या पुत्रास दिल्लीच्या सुलतानानें राजा म्हणून मान्यता दिली, तेव्हांपासून १९४८ सालीं संस्थान विलीन होईपर्यंत हें राज्य नांदत होतें. जयविलास राजवाडा झाडींत उभा आहे. १६६४ सालीं सुरतेस जातांना शिवाजीमहाराज जेथें थांबले, अशी परंपरा आहे, तो शिरपामाळही गांवापासून दूर नाहीं. हा सारा भाग पूर्वीं ठाणें जिल्ह्यांत होता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला. वस्ती मुख्यत्वें वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर व कातकरी ह्या लोकांची. राजवाड्याची शोभा पाहावयास येणारे प्रवासी पुष्कळ. आम्हीं मात्र ह्या खेपेस माना खालीं घालून लोकांचे पाय पाहत हिंडलों, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

श्रावणांतील फेरींत आम्हीं दाभोसा धबधब्याची वाट धरिली. लेंडी नदीचें पाणी तेथें कड्यावरून एकदम खालीं कोसळतें, आणि त्याचा आवाज बराच आधीं ऐकूं येतो. आमची वाट भातखाचरांच्या बांधांवरून, पुढें ओढ्यांतून, आणि शेवटीं शेवाळलेल्या कातळावरून होती. वाट दाखविणारा पाड्यावरचा एक मध्यम वयाचा गृहस्थ अनवाणी होता. पहिल्या ओढ्यांतच हलक्या जोड्यांचा एक गुण लक्षांत आला. पाणी आंत शिरलें तसेंच दहावीस पावलांत बाहेर निघून गेलें. नेहमींच्या बुटानें मात्र तें स्पंजाप्रमाणें धरून ठेविलें. संध्याकाळीं तोललें तेव्हां ३१० ग्रॅमचा बूट ४३० वर गेला होता, आणि १६० ग्रॅमचा जोडा २०० च्या आंत होता. पावसाळी डोंगरांत हा फरक लहान नव्हे.

कातळावर मात्र निकाल फिरला. दुसऱ्या जोड्याचा तळ जवळजवळ सपाट होता. शेवाळावर तो पाटावर ठेवलेल्या साबणासारखा घसरला आणि नातू दोनदां खालीं बसला. पहिल्या जोड्याच्या तळाला खोल खांचे होते, त्यानें बरा आधार दिला. वाटाड्या मात्र सरळ चालत होता. मीं त्याच्या पायांकडे निरखून पाहिलें. त्याचीं पांचही बोटें पंख्याप्रमाणें फांकलेलीं. अंगठा इतर बोटांपासून दूर. पाऊल टाकण्यापूर्वीं बोटें दगड चांचपीत आणि मग अंगाचा भार त्यावर येई. पावलें आंखूड, गुडघे किंचित् वांकलेले. त्याला विचारलें, तर तो म्हणाला, “बोटांनीं धरायचं, बाबा. बूट काय धरणार?”

ह्या उत्तरानें आमच्या प्रगतिपुस्तकांत एक सहावा विषय वाढला. तज्ज्ञांच्या त्या पांच विषयांत चवड्याची रुंदी नाहीं. पहिला हलका जोडा पुढें निमुळता होता. चार कोस चालल्यावर नातवाच्या करंगळीला फोड आला. दुसरा पुढें रुंद, पायाच्या आकाराचा होता. त्यांत बोटांना पसरावयास जागा होती. जोडा हलका असला म्हणजे तो पायाला मोकळीक देतोच, असें नव्हे.

लहान मुलांच्या बाबतींत हा विचार अधिक महत्त्वाचा आहे. आपल्याच देशांत झालेलें एक संशोधन १९९२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासण्यांत आले. जोडे वापरणाऱ्या मुलांत शेंकडा ८·६ मुलांचीं पावलें सपाट होतीं, तर न वापरणाऱ्यांत हें प्रमाण शेंकडा २·८ होतें. आणि बंद पुढच्याचे जोडे घालणाऱ्यांत तें सर्वांत अधिक आढळलें. मनुष्याच्या एका पावलांत २६ हाडें आहेत, आणि त्यांची जी कमान बनते ती लहानपणीं घडत असते. घरांत, अंगणांत, मऊ मातींत मुलें अनवाणी हुंदडूं द्यावीं, असें जें आपल्या आज्या सांगत, त्याला ह्या संशोधनाचा पाठिंबा मिळतो.

पाऊल जमिनीवर कसें पडतें, ह्याविषयींही गेल्या कांहीं वर्षांत बराच विचार झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठांतील डॅनियल लीबरमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं २०१० सालीं असें दाखविलें कीं, जन्मापासून अनवाणी धांवणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा सबंध पावलावर उतरतात, तर जाड टांचेचे बूट घालणारे टांचेवर आदळतात; आणि पहिल्या रीतीनें पायाला बसणारा आरंभीचा धक्का पुष्कळ कमी असतो. लागलीच साऱ्या जगांत पातळ जोड्यांची लाट आली. परंतु शास्त्रांत एका सूत्रावर थांबून चालत नाहीं. २०१३ सालीं केनियांतील दासनाच जमातीच्या लोकांची पाहणी झाली. तेही अनवाणीच वाढलेले, पण सावकाश धांवतांना त्यांतले बहुतेक टांचेवरच उतरत होते. गति, जमीन आणि संवय ह्या तिहींवर पाऊल अवलंबून असतें, एवढेंच निश्चित म्हणतां येतें.

फाल्गुनांत पुन्हां गेलों तेव्हां तोच प्रदेश ओळखूं येईना. धुक्याच्या जागीं धूळ, ओढ्यांच्या जागीं पांढरे गोटे. पळस फुललेला, मोहाखालीं पहांटे फुलांचा सडा पडलेला, आणि बोहाड्याचे दिवस जवळ आलेले. देवदेवतांचे भारी मुखवटे चेहऱ्यावर बांधून रात्रभर संबळाच्या तालावर नाचणारे हे लोक पाहण्यासारखे असतात. पण पुष्कळ घरांना कुलपें होतीं; दिवाळीनंतर कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर मजुरीस जातात, तीं पावसाच्या तोंडीं परततात. भातखाचरांत कापणीनंतरचीं धसकटें उभीं, वाटेवर टोंकदार मुरूम, आणि दुपारीं डांबरावर हात टेकवेना.

येथें पातळ जोड्याची खरी परीक्षा झाली. मुरुमाचा खडा न खडा तळव्याला कळत होता. दुपारीं डांबराची धग तळांतून वर येई. दुसऱ्या दिवशीं बाभळीचा एक कांटा १६० ग्रॅमच्या जोड्यांतून थेट नातवाच्या टांचेंत गेला. त्याच वाटेवर एक म्हातारी लाकडांची मोळी घेऊन चालली होती; तिच्या पायांत मोटारच्या जुन्या टायरच्या तळाची वहाण होती. ती वजनानें भारी, तज्ज्ञांच्या परीक्षेंत कदाचित् नापासच व्हावयाची. पण तीमधून कांटा जाणें नाहीं. विशेष हें कीं, मेक्सिकोच्या डोंगरांतील तारहुमारा नांवाचे लोक, ज्यांच्या धांवण्याचें वर्णन २००९ सालच्या एका इंग्रजी पुस्तकानें जगभर नेलें आणि ज्यांच्या नांवावर हे पातळ जोडे खपले, तेही टायरच्या तुकड्यांच्याच वहाणा बांधून धांवतात.

त्या उन्हांत मला महाभारतांतील अनुशासनपर्वाची एक कथा आठवली. श्राद्धांत छत्र व पादत्राण कां द्यावें, असें युधिष्ठिरानें विचारलें असतां भीष्म ती सांगतात. ज्येष्ठाच्या कडक उन्हांत जमदग्नि बाण सोडीत होते व रेणुका ते वेंचून आणीत होती. दुपार झाली, तिचें मस्तक व पाय भाजूं लागले, क्षणभर झाडाच्या सावलींत थांबल्यामुळें तिला उशीर झाला. कारण कळतांच ऋषींनीं सूर्यावरच बाण रोखला. तेव्हां सूर्य ब्राह्मणरूपानें प्रकट झाला, आणि त्यानें छत्र व चामड्याच्या वहाणा देऊन त्यांस शांत केलें. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिचा आशय ध्यानांत घेण्याजोगा आहे. पादत्राण जगांत आलें तें शोभेसाठीं नव्हे, राजाच्या पायांसाठींही नव्हे. तापलेल्या जमिनीवर वारंवार धांवावें लागणाऱ्या एका स्त्रीच्या पायांसाठीं आलें. आपल्या भाषेंतील दोन शब्दही हेंच सांगतात. ‘वहाण’ हा शब्द संस्कृत ‘उपानह्’ ह्यापासून आला. ‘नह्’ म्हणजे बांधणें. ‘पादत्राण’ म्हणजे पायाचें रक्षण करणारें. जोडा पायाला बांधला जावा व त्यानें पायाचें रक्षण करावें. पायाचें काम त्यानें स्वतःकडे घेऊं नये, आणि रक्षणाचें काम सोडूंही नये. त्यांतही सर्पदंश बहुधा पायालाच होतो, हें ज्या प्रदेशांत प्रत्येक घराला ठाऊक आहे, तेथें ह्या दुसऱ्या कामाला विशेष किंमत आहे.

परत निघण्याच्या आदल्या पहांटे जव्हारच्या बाहेर एका माळावर दहाबारा मुलें-मुली धांवतांना दिसलीं. पोलीस भरतीची तयारी चालली होती. महाराष्ट्रांतील पोलीस भरतींत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकीं २० गुण मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धांवण्याचे असतात. सेकंदासेकंदावर गुण कापले जातात, आणि त्या गुणांवर एका घराचें स्थलांतर थांबणें किंवा न थांबणें अवलंबून असतें. त्यांतील एक मुलगी अनवाणी धांवत होती, आणि सर्वांच्या पुढें होती. करवंदीच्या जाळीवर एका पिशवींत तिचे बूट टांगलेले होते. नातवानें विचारलें, “बूट असतांना अनवाणी कां धांवतेस?”

ती म्हणाली, “ते भरतीच्या दिवसासाठीं ठेवलेत. आतांच घातले तर तळ झिजून जाईल.”

नातवाला ह्या विषयाचें वाचन बरेंच. त्यानें तिला समजावून सांगितलें कीं, पायाला संवय नसलेली वस्तु ऐन परीक्षेच्या दिवशीं घालणें धोक्याचें आहे. २०१३ सालीं अमेरिकेंत असा एक प्रयोग झाला होता. नेहमीं जाड बुटांत धांवणाऱ्या १९ जणांनीं दहा आठवड्यांत हळूहळू अगदीं पातळ जोड्यांकडे वळावें असें ठरलें. त्यांपैकीं १० जणांच्या पावलांतील हाडांत सूज वाढलेली आढळली. जाडाकडून पातळाकडे जाणाऱ्याला जो नियम, तोच अनवाणीकडून जाड बुटाकडे जाणाऱ्याला. म्हणून भरतीच्या आधीं महिना-दोन महिने तिनें रोज थोडा वेळ तरी बूट घालून धांवावें.

तिनें तें नीट ऐकून घेतलें. मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “गुरुजी, हें खरं आहे. पण मग रोज घालायला दुसरा जोड कुठून आणूं?” आणि तिनें नातवाच्या पायांतील जोड्याची किंमत विचारली. त्यानें ती सांगितली. “एवढ्याशा वस्तूला?” म्हणून ती हंसली व पुढच्या फेरीला निघून गेली. नातू त्या दिवशीं फारसें बोलला नाहीं.

आपल्या लोकांचा अनवाणी धांवण्याचा इतिहास तसा जुना आहे. पुण्यांत डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धांवणारे शेतकरी दोराबजी टाटांनीं पाहिले, आणि त्यांच्या प्रयत्नानें १९२० सालीं अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा एक लहानसा चमू गेला. त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन दोन तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत धांवून एकोणिसावे आले. इथिओपियाचा अबेबे बिकिला १९६० सालीं रोमला अनवाणी धांवून २ तास १५ मिनिटें १६ सेकंदांत पहिला आला, ही गोष्ट सर्वत्र सांगण्यांत येते. तोच बिकिला १९६४ सालीं टोकियोला जोडे घालून २ तास १२ मिनिटें ११ सेकंदांत पहिला आला, हें मात्र सांगावयाचें राहून जातें. मोखाड्याच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यांतील सावरपाड्याची कविता राऊत आरंभीं अनवाणीच धांवत असे. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांत १०,००० मीटरमध्यें कांस्यपदक आणि त्याच सालीं ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धांत रौप्यपदक तिनें मिळविलें. उत्तम पाय गरिबींत घडले, म्हणून गरिबीला पायांची शाळा समजणें बरोबर नाहीं. त्या पायांना शिक्षण व साधन मिळालें, तेव्हांच ते पदकापर्यंत पोंचले.

दुसऱ्या टोंकाचीही हकीकत थोडक्यांत सांगतों. पायाच्या प्रत्येक बोटाला निराळा कप्पा असलेले व्हायब्रम कंपनीचे जोडे एके काळीं फार गाजले. ते घातल्यानें पाय बळकट होतात व दुखापती कमी होतात, ह्या जाहिरातींस पुरेसा शास्त्रीय आधार नाहीं, असा दावा अमेरिकेंत ग्राहकांनीं केला, आणि २०१४ सालीं कंपनीनें दोष कबूल न करतां ३७ लाख ५० हजार डॉलरांची तडजोड केली. त्यानंतर लंबक जाड तळाकडे झुकला. २०१९ सालीं व्हिएन्नांत एल्यूद किपचोगे खास जाड तळाचे जोडे घालून मॅरेथॉनचें अंतर १ तास ५९ मिनिटें ४० सेकंदांत धांवला. आणि लगेच २०२० सालीं जागतिक संघटनेस, रस्त्यावरील शर्यतींत तळ ४० मिलिमीटरहून जाड नसावा, असा नियम करावा लागला.

आतां निकाल. पहिला जोडा, २१० ग्रॅमचा, आम्हीं उत्तीर्ण केला. तळाचे खांचे, चार मिलिमीटरचा सौम्य उतार आणि लवकर वाळणें ह्या गुणांवर. चवड्याला तो निमुळता असल्यामुळें एक अंक मोठा घेण्याच्या अटीवर. दुसरा, १६० ग्रॅमचा, बांधीव मैदानावर, गवतावर किंवा स्वच्छ रस्त्यावर, तेंही संवय झालेल्या पायासाठीं उत्तम. कांटा, कातळ व भर दुपार ह्यांसाठीं अपुरा. हलका जोडा घेणाऱ्यानें पहिले दोन आठवडे तो घालून केवळ चालावें. नंतर एक दिवसाआड पांच मिनिटें धांवावें, आणि आठवड्यागणिक थोडें थोडें वाढवावें. चवड्याच्या हाडांत किंवा पोटरीच्या खालच्या शिरेंत दुखूं लागल्यास थांबावें. घेण्यापूर्वीं एक सोपी परीक्षा घरींच करावी: कागदावर उभें राहून पावलाची कड आंखून घ्यावी व तो कागद कापून दुकानांत न्यावा, जोड्याच्या तळापेक्षां कागद बाहेर येत असेल, तर तो जोडा कितीही हलका असला तरी परत ठेवावा. खरेदी संध्याकाळीं करावी, कारण दिवसाकाठीं पाय किंचित् फुगतात. घरांत मधुमेही वडील माणसें असतील व त्यांच्या तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर त्यांनीं अनवाणी किंवा पातळ तळानें मुळींच हिंडूं नये. कांटा लागल्याचें त्यांना कळतच नाहीं. योगशास्त्रांत ‘अभ्यास’ म्हणून जो शब्द आहे, तोच येथेंही लागू पडतो. पायाला ज्याचा अभ्यास, तें त्याला हितकर. मग तो पाय नाशिकचा असो वा जव्हारचा.

एक गोष्ट मात्र दोन्ही पायांना सारखी लागू नाहीं. आपल्या मुलांनीं अनवाणी धांवावें कीं नाहीं, ही आपल्या घरीं आवडीनिवडीची बाब आहे. त्या माळावरच्या मुलीला ती निवड नाहीं. ज्याच्या पायांत कांहींच नाहीं, त्याला अनवाणीपणाचे गुण समजावून सांगण्याचा अधिकार, ज्याच्या घरीं तीन जोड आहेत त्यानें घेऊं नये.

आपल्या कुलांतून और्ध्वदेहिकांत व श्राद्धप्रसंगीं छत्री व जोडा देण्याची चाल अजून आहे. बहुधा तो जोडा कोणाच्याही पायाला नीट येत नाहीं आणि कोपऱ्यांत पडून राहतो. ज्या कथेंतून ही चाल निघाली, तींत तो जोडा धांवणाऱ्या पायांसाठीं होता. ह्या वर्षींच्या पितृपक्षांत आमच्या घरीं ठरलें आहे कीं, विधि यथासांग करावा; पण जोडा मापाचा घ्यावा, रुंद चवड्याचा व कणखर तळाचा घ्यावा, आणि तो जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या आश्रमशाळेंतील धांवणाऱ्या मुलाला किंवा मुलीला द्यावा. माप आधीं मागवून घ्यावें लागेल, आणि एकाऐवजीं दोन जोड द्यावे लागतील: एक रोजच्या सरावाचा व एक परीक्षेच्या दिवसाचा. खर्च नातवाच्या एका हलक्या जोड्याहून अधिक होत नाहीं, असा हिशेब त्यानेंच करून दाखविला. वाचकांपैकीं कोणास हा विचार पटला, तर त्यांनींही आपल्या घरीं तो वडील मंडळींपुढें मांडून पाहावा.